माळावरचा समुद्र

पालघर जिल्ह्याला समुद्र आहे, याबद्दल वाद नाही. डहाणूला आहे, केळव्याला आहे, वसईला तर किल्ल्यासकट आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा या किनाऱ्यात आम्हा मोखाडेकरांचाही हिस्सा आला. पण तो कागदावरच. सूर्यमाळहून समुद्र बघायला निघालेला माणूस खोडाळा, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत खाली पोचेस्तोवर अंधार पडलेला असतो आणि अंधारात समुद्र आणि भाताचं शेत यांत फरक कळत नाही. आमच्याकडे धुकं आहे, नाचणी-वरई आहे, जवळच देवबांधचा गणपती आहे. पावसाळ्यात इतकं पाणी की भिंतीला बुरशी आणि मे महिन्यात इतकं कमी की भांडं घासायचं की घशाला कोरड पडू द्यायची नाही, याचा घराघरात विचार होतो. अशा गावी माझ्या पुतण्याने घरात समुद्र करायचं काढलं.

मुंबईतली नोकरी लॅपटॉपमध्ये घालून तो गावी राहायला आला होता. माणूस गावी आला की शेळ्या पाळतो, मोगरा लावतो, फार तर ग्रामपंचायतीला उभा राहतो. हा म्हणाला, "काका, मी पोवळ्याची कलमं करणार."

पोवळं हा जीव आहे, हे त्याने घरच्यांना समजावलं, तेव्हा जव्हारची आमची ताई अस्वस्थ झाली. तिच्या अनामिकेत मंगळासाठी घातलेलं पोवळं पस्तीस वर्षं आहे आणि तिच्या मते मंगळ त्यामुळेच गप्प आहे. ती म्हणाली, "बोटात घालायचं सोडून काचेत कशाला ठेवतोस? काचेतनं मंगळाला लागू पडतं का?" पुतण्याने सांगितलं की बोटातलं पोवळं हा सांगाडा आहे, आपण जिवंत ठेवणार. जिवंत पोवळं म्हणजे तोंडाभोवती बोटं असलेल्या बारीक बारीक जीवांची वसाहत. छंदिष्ट लोक त्या वसाहतीचा तुकडा कापतात, सिमेंटच्या चकतीवर चिकटवतात, तो फुलला की पुन्हा कापतात आणि आपापसांत देतात-घेतात. तुकड्याला ते 'फ्रॅग' म्हणतात. ताईने अंगठी पदराखाली घेतली. पस्तीस वर्षं आपण कुणाचा तरी सांगाडा घालून जेवतो आहोत, हे तिला नव्याने कळलं होतं.

पहिला अडथळा कायद्याचा आला. मी निवृत्त मास्तर, वर्तमानपत्र निविदांसकट वाचतो, म्हणून हे खातं माझ्याकडे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली पोवळी घातली गेली. दगडी सांगाड्याची, खडक बांधणारी सगळीच्या सगळी, शिवाय काळं पोवळं, अग्निपोवळं, समुद्रपंखे. ही तीच अनुसूची, जिच्यात वाघ आहे. म्हणजे मालवणला फिरायला गेलेल्या माणसाने किनाऱ्यावरचा नक्षीदार पांढरा तुकडा शोकेससाठी खिशात घातला, तर कायद्याच्या लेखी तो वाघाचं नख घेऊन फिरणाऱ्याच्या रांगेत उभा राहतो. शिक्षा तीन ते सात वर्षं.

यात अतिशयोक्ती वाटत असेल, तर मुंबईचा सागरी किनारा रस्ता आठवावा. बारा हजार कोटींच्या वरचं काम. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर पोवळ्यांच्या 18 वसाहती निघाल्या. दोन्हीकडचं मिळून क्षेत्रफळ 0.36 चौरस मीटर. कोळीवाड्यांचं म्हणणं ऐकायला यंत्रणेला किती वेळ लागला, तो विषय निराळा. पण या 0.36 चौरस मीटरसाठी वन खात्याची रीतसर परवानगी निघाली, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ आले आणि 2020 साली त्या वसाहती अलगद उचलून दुसऱ्या जागी बसवल्या गेल्या. पुतण्याने हिशेब केला. त्याचा टँक 3 फूट बाय दीड फूट. त्या अख्ख्या प्रकरणातली पोवळी त्याच्या टँकच्या तळाशी मावून वर एखादा खेकडा राहिला असता.

तेव्हा दगडी पोवळ्यांचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. राहिली ती सांगाडा नसलेली मऊ मंडळी: झोअँथस, मशरूम, लेदर. यादीत यांची नावं नाहीत. डोंबिवलीच्या एका छंदिष्टाच्या घरी यांच्या कित्येक पिढ्या काचेतच वाढलेल्या. त्याच्याकडून बेणं आणायचं. तरीही बीटावरचा वनरक्षक एकदा दारावरून जाताना थबकला. आत डोकावून त्याने एवढंच विचारलं, "गुरुजी, यात वाघाच्या बरोबरीचं कुणी नाही ना?" मी छातीठोकपणे नाही म्हणालो. तो चहा पिऊन गेला.

टँक बसवायला गावातला गवंडी आला. घरकुलांची कामं करून त्याचा हात बसलेला. एक फूट उंचीची ती उथळ पेटी बघून त्याला आधी गुरांची गव्हाण वाटली. आत सव्वाशे लिटर पाणी येणार म्हटल्यावर मात्र तो गंभीर झाला. त्याने पाणसळ काढली, स्टँडच्या चारी कोपऱ्यांवर ठेवून बुडबुडा मध्यावर येईपर्यंत खाली फरशीचे तुकडे सरकवले, आणि सगळं जमल्यावर स्वतः स्टँडवर चढून उभा राहिला. "माझं वजन पेललं म्हणजे समुद्राचं पेलंल." आतले दगडही त्यानेच घडवले. समुद्रातला खडक उचलायचा नाही, म्हणून पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवून, हाताने ओबडधोबड गोळे वळून, पाण्यात टाकले. मीठ विरघळलं की दगडाला भोकं पडतात. सिमेंटचा क्षार निघून जाईपर्यंत ते आठवडेच्या आठवडे पाणी बदलत भिजवावे लागतात. गवंडी म्हणाला, "क्युरिंग घराला एवढं केलं असतं, तर एक स्लॅब गळला नसता." हे तो कोणाच्या घराबद्दल बोलला, ते गावाला कळलं.

आता पाणी. डहाणूहून ड्रम भरून आणावेत, असं मीच सुचवलं होतं. पुतण्याने सांगितलं की आपल्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, खाड्या आणि गटारं त्यात येतात, पावसाळ्यात तर ते निम्मं गोडं. याच पाण्यात मालवणची पोवळी जगतात, ही त्यांची चिकाटी. 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. नितळ पाण्यातली पोवळी बघायची, तर विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या वर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर जावं लागतं. तिथून ड्रम आणायला एसटी नाही.

म्हणून समुद्र घरीच कालवायचा. त्यासाठी लागतं ज्यात काहीही नाही असं पाणी, म्हणजे आरओचं. आणि आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना तीन-चार लिटर फेकून देतं. एप्रिलमध्ये हे वाक्य पुतण्याने घरात उच्चारलं, तेव्हा माझी भावजय हंडा घेऊन विहिरीवरून आलेली होती. तिने हंडा खाली ठेवला आणि पोराकडे बघितलं. पुढे काही बोलायची गरज पडली नाही.

या तालुक्याची एक गंमत बाहेरच्या लोकांना ठाऊक नसते. कोचाळ्याजवळचं मध्य वैतरणा धरण मोखाड्यातलं. 2014 पासून तिथून मुंबईला रोज 45 कोटी लिटरच्या वर पाणी जातं. ते मुंबईत नळाला येतं, तिथले छंदिष्ट ते आरओतून काढतात, त्यात लाल समुद्राचं नाव असलेलं पुडीतलं मीठ घालतात आणि पोवळी वाढवतात. म्हणजे मोखाड्याच्या पाण्यात पोवळी वाढायची पद्धत जुनी आहे. ती मोखाड्यात सुरू व्हायला तेवढा उशीर झाला.

पुतण्या जुलैपर्यंत थांबला. पहिले पाऊस पत्रा धुऊन जाऊ दिले, मग अंगणात ताडपत्री ताणून पिंपं भरली. मीटर बुडवला तर क्षार एक आकडी! मुंबईकर ज्या शुद्धतेसाठी यंत्रं आणि काडतुसं विकत घेतात, ती सूर्यमाळला आभाळातून पडते आणि वाहून त्यांच्याकडेच जाते. आरओ यंत्राचं खोकं अजून माळ्यावर आहे. त्यात मांजरीने पिलं घातली.

मीठ लिटरला 35 ग्रॅम, म्हणजे अख्ख्या टँकला साडेचार किलोच्या आसपास. किराणा दुकानदाराने आयोडीनयुक्त मिठाच्या पुड्या स्वस्तात लावायची तयारी दाखवली. पण समुद्राच्या मिठात साध्या मिठाखेरीज मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम असतं आणि ते ठरलेल्या मापाने लागतं. ते खास मीठ कुर्ल्याहून आलं. त्याची किंमत ऐकून दुकानदार म्हणाला, "एवढ्यात आमच्याकडे काजू येतो."

त्यानंतर घरात जो वाद झाला, त्याचा निकाल माझ्या आईने लावला. टँकमधलं पाणी रोज थोडं आटत होतं. धाकट्या नातवाचं म्हणणं, खारं पाणी कमी झालं तर खारंच ओतायचं. पुतण्या म्हणायचा, साधं. दोघे मीटर आणि मोबाइल घेऊन बसले होते. नव्वदीतली आई चुलीपाशी बसून म्हणाली, "आमटी आटली तर खारट होते का अळणी? मग वरून मीठ घालाल का पाणी?" वाफ होऊन जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. आपोआप गोडं पाणी सोडणारं सेन्सरवालं उपकरण या कामासाठी बाजारात मिळतं. पुतण्याने ते मागवलं नाही. आईने काचेवर काजळाची रेघ ओढली. पाणी रेघेखाली गेलं की तांब्याभर ओतायचं.

मग आला तो काळ, ज्याने पुतण्याची गावातली अब्रू जायची वेळ आणली. नवा टँक भरल्यावर आठवडा-दीड आठवडा नाही, चांगला महिना-दीड महिना त्यात काही सोडता येत नाही. आधी अमोनिया होतो, मग एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांत मुक्काम करेपर्यंत वाट बघायची. आता दिवस पावसाळ्याचे. पोरंसोरं वळगणीचे मासे धरून आणतायत, चिंबोऱ्यांचं कालवण घरोघर शिजतंय आणि ज्याच्या घरात काचेचा समुद्र आहे, त्याच्या समुद्रात सिमेंटचे गोळे. लोक बघायला यायचे, वाकायचे, दोन्ही बाजूंनी बघायचे. "मासं कुठं हायती?" "मासे नाहीत." "मग काय हाय?" "जिवाणू." यावर माणसं सहानुभूतीने मान हलवून जायची. माझे जुने विद्यार्थी जास्त दुखावले होते. त्यांना मी शाळेच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय दाखवलेलं, 1951 साली डॉ. राजेंद्र प्रसादांनी उद्घाटन केलेलं. त्यामुळे 'मत्स्यालयात मत्स्य असतो' एवढं शिक्षण त्यांचं पक्कं होतं. एका म्हातारीने सरळ विचारलं, "गुरजी, पोराचं लगीन का जमंना?"

शेवटी डोंबिवलीहून बेणं आलं. वर निळा एलईडी लागला आणि खिडकीतून रात्री निळा उजेड रस्त्यावर पडायला लागला. पाड्यावर कुजबुज झाली आणि आमच्याकडचे वयस्क भगत स्वतः बघायला आले. मला वाटलं, आता काहीतरी उतरवायला सांगतील. ते बराच वेळ त्या हिरव्या-केशरी फुलांकडे बघत राहिले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो तोपर्यंत एकाही सुशिक्षिताने विचारला नव्हता.

"हे जितं हाय, तर खातं काय?"

पुतण्याने सांगितलं, याच्या अंगात शेवाळ असतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं याला देतं.

"म्हंजे ऊन खातं."

"हो, तसंच."

"मंग उन्हात ठिव की. लाईटचं बिल कशापायी भरतोस?"

पुतण्या हसला, पण रात्री वाचत बसला. 1961 साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग या गृहस्थांनी हेच लिहून ठेवलेलं निघालं: समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि खिडकीतलं ऊन, बाकी यंत्रं नकोत. पुढे सगळं जग यंत्रांच्या मागे लागलं. टँक पूर्वेच्या खिडकीपाशी सरकला आणि निळा दिवा पावसाळी दिवसांपुरता राहिला. भगतांनी सल्ल्याचे काही घेतले नाहीत.

हवेच्या बाबतीत तर आम्ही मुंबईला मागे टाकलं. पोवळ्यांना पाणी 25-26 अंशांवर लागतं. मुंबईत त्यासाठी चिलर लावतात, जो बर्फाच्या कारखान्यासारखा बिल काढतो. सूर्यमाळला पाण्यावर एक छोटा पंखा रोखला की उन्हाळा निभतो. थंडीत मात्र हीटर लागतो. माझ्या खोलीत तो नाही. पौषातल्या एका पहाटे मी घोंगडीत कुडकुडत असताना शेजारच्या खोलीत ती मऊ मंडळी 25 अंशांत फुलून बसलेली पाहिली आणि संयुक्त कुटुंबात आपली जागा कुठे आहे, ते समजलं.

गावाची खरी गुंतवणूक झाली ती चुन्यामुळे. रात्री पाण्याचा सामू उतरतो, म्हणून चुन्याची निवळी थेंब थेंब सोडतात. पोवळ्यांच्या दुनियेत याला जर्मन नाव आहे आणि त्यावर प्रबंध आहेत. मऊ पोवळ्यांना तिचा फारसा उपयोग नाही, हे पुतण्यालाही ठाऊक होतं. पण छंदात उपयोग बघणारा माणूस छंदच करत नाही. थेंब मोजायला त्याने सलाईनची नळी लावली. टँकच्या वर खिळ्याला टांगलेली बाटली, नळी, टप टप पडणारा थेंब. दुसऱ्या दिवशी चौकशीला रीघ. "जास्ती हाय का?" एकजण दोन केळी घेऊन आला होता. आत चुना सोडतोय हे कळल्यावर मात्र वातावरण बदललं. तंबाखू मळणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात चुन्याची डबी असते आणि चुन्याबद्दल ठाम मत असतं. कोणता फुललेला, कोणता कच्चा, कोणता तोंड भाजतो, यावर टँकसमोर ओटीवर तासभर चर्चा झाली. पुतण्याला खाण्याच्या प्रतीचा, काही न मिसळलेला चुना हवा होता. तो कुठे मिळेल, हे जमलेल्यांपैकी सगळ्यांना माहीत होतं आणि प्रत्येकाचं दुकान निराळं होतं.

कापाकापीचा दिवस मी जवळून पाहिला. पुतण्याने रबरी हातमोजे घातले, डोळ्यांवर गॉगल चढवला आणि सगळ्यांना मागे सरकवलं. झोअँथसच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. हवाई बेटांवर हाना गावचे योद्धे एका विशिष्ट डबक्यातल्या या जिवात भाल्यांची टोकं घासायचे, अशी तिथली आख्यायिका. 1971 साली शास्त्रज्ञांनी त्याच डबक्यातून आणलेल्या जिवातून ते विष वेगळं काढलं. यांचे दगड चुकूनही उकळायचे नाहीत, वाफेनेही माणूस दवाखान्यात जातो. भावजयीची सगळं उकळून घ्यायची सवय त्या दिवसापासून स्वयंपाकघरापुरती झाली.

आधी मशरूम. रुपयाएवढी लालसर चकती त्याने ताटलीत उलटी ठेवली आणि ब्लेडने मधोमध, तोंडावरूनच, कापली, मग आडवी. चार पाव. प्रत्येक तुकडा आक्रसून शेंगदाण्याएवढा झाला आणि त्याच्यातून चिकट तार सुटली. हे चिकटपण असं की त्याला कोणताही गोंद धरत नाही. म्हणून तुकडे शिंपल्यांच्या चुऱ्यावर टाकून वर मच्छरदाणीचा तुकडा बांधला. ते आपल्या मर्जीने दगड धरतात. काही दिवसांत चारी तुकड्यांना नवं तोंड आलं. मेल्याचं कुणी नाही, जन्मल्याचे तीन जास्त. आई म्हणाली, "वाटणी झाली आणि भांडण नाही, असं खानदान पहिल्यांदाच बघते."

झोअँथसला मात्र गोंद चालतो आणि तो गोंद जगभर एकच: चपला, खेळणी आणि फुटलेले कप जोडणारा. नळीतलं ते फेविक्विक पाण्यातही धरतं. सिमेंटच्या चकतीवर थेंब, त्यावर तुकडा, दहापर्यंत आकडे, पाण्यात. एक चकती पुतण्याच्या हातमोज्याला चिकटली आणि काही काळ ते कलम त्याच्या अंगठ्यावरच वाढेल, असं वाटत होतं.

वीज हा मोठा विषय, पण त्यात सांगण्यासारखं नवीन काही नाही. पावसाळ्यात झाड पडतं, तार तुटते, गाव अंधारात जातं. समुद्रात लाटा बंद पडत नाहीत, टँकमध्ये पडतात, आणि पाणी हललं नाही तर आतल्यांचा श्वास कोंडतो. बॅटरीवरचा पंप काही तास टिकतो. त्यानंतर घरातली पोरं आळीपाळीने तांब्या घेऊन बसतात: भरायचा, हातभर उंचीवरून ओतायचा, पुन्हा भरायचा. त्या रात्री परवचाही म्हणून होतो. बेचे पाढे ऐकत वाढलेली पोवळी जगात इतरत्र नसावीत.

कलमं वाढली तशी डोंबिवलीच्या छंदिष्टाशी अदलाबदल ठरली. आपली हिरवी द्यायची, त्याची जांभळी आणायची. पुतण्याला कामावर हजर राहायचं होतं, म्हणून पार्सल माझ्या हाती. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये पाणी, पाण्यात चकत्या, झाकणावर लाल अक्षरात 'पिऊ नये'. खोडाळ्याहून कसाऱ्याच्या एसटीत मी तो शेजारच्या जागेवर ठेवला. कंडक्टर आला.

"काय हाय, गुरुजी? चहा?"

"पोवळी."

"मंगळाची?" त्याने मशीन खाली घेतलं. "बहिणीच्या पोरीला मंगळ निघालाय. केवढ्याला एक?"

हे बोटात घालायचं नाही, हे जिवंत आहे आणि किती तोंडं आहेत ते मोजून भाव ठरतो, असं मी त्याला समजावलं. त्याने झाकण उघडायला लावलं आणि आत डोकावला.

"तोंडं मोजून पैसं? मंग आपला धंदा एकच, गुरुजी." आणि मागे वळून ओरडला, "चला, मागची तीन तोंडं पुढं या, थर्मास मांडीवर घेत्यात गुरुजी."